पेनड्राइव्हवरील परिचालन प्रणाली आणि तिचे अडणारे बूट : दोषनिदानाची दिशा

सारांश

पेनड्राइव्हवर किंवा बाह्य डिस्कवर स्थापित केलेली लिनक्स प्रणाली एका संगणकावर सुरळीत चालते आणि दुसऱ्या संगणकावर सुरूच होत नाही, हा महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील परिचित अनुभव आहे. अशा वेळी पेनड्राइव्ह 'फॉरमॅट' करून प्रणाली नव्याने टाकण्याकडे कल असतो आणि त्यात अध्यापकांचे व विद्यार्थ्यांचे काम नष्ट होते. प्रस्तुत लेखात बूट प्रक्रियेतील टप्पे उलगडून दाखविले आहेत. या टप्प्यांपैकी एखाद्याने लक्षात ठेवलेला जुना पत्ता हाच पुष्कळदा बिघाडाचे मूळ असतो आणि माध्यम व त्यावरील माहिती शाबूत असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : बूट प्रक्रिया, यूएसबी, फर्मवेअर, यूईएफआय, ग्रब, यूयूआयडी, लिनक्स.

प्रस्तावना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या परिचालन प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याआधीच्या पिढीतील, पण अजून धडधाकट असलेले अनेक संगणक महाविद्यालयांपुढे प्रश्नचिन्ह होऊन उभे राहिले. ते भंगारात काढणे अनुदानाच्या चौकटीत सहजी शक्य नसते आणि आधार संपलेल्या प्रणालीवर परीक्षेचे व लेख्यांचे काम करणे धोक्याचे असते. यातून निघणारी एक वाट म्हणजे मूळ डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवर किंवा यूएसबीने जोडलेल्या बाह्य डिस्कवर लिनक्स प्रणाली स्थापन करणे. डेबियन, उबुंटू, फेडोरा या प्रणाली त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभारलेली आणि २००७ पासून वितरित होत आलेली 'बॉस' ही प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत काम करू देते.

ही वाट नवी नाही. क्लाउस नॉपर यांनी २००० साली 'नॉपिक्स' प्रसृत केली तेव्हाच, डिस्कवर काहीही न लिहिता केवळ सीडीवरून चालणारी प्रणाली लोकांना पाहावयास मिळाली. २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या सीडी टपालाने विनामूल्य घरपोच येत असत. पुढे सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली. ज्या यूएसबी जोडणीवर हे सारे उभे आहे तिच्या निर्मितीत अग्रभागी असलेले इंटेलचे अभियंते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, ही गोष्ट गायकवाडांच्या बडोद्याशी जिव्हाळा असलेल्या मराठी वाचकास सुखावणारी वाटेल.

तथापि, ज्या गुणासाठी पेनड्राइव्ह निवडला जातो त्याच गुणात अडचणीचे बीज असते. संगणकाच्या आतील डिस्क जन्मभर एकाच घरात राहते. पेनड्राइव्ह मात्र ग्रंथालयातील संगणकावरून विभागातील संगणकावर, तेथून अध्यापकाच्या घरी, असा फिरत असतो. प्रणाली स्थापन होताना तिचे निरनिराळे घटक भोवतालच्या संगणकाविषयी काही गोष्टी गृहीत धरून त्या लिहून ठेवतात. घर बदलले की ही नोंद खोटी ठरते.

येथे एक भेद प्रारंभीच स्पष्ट करावयास हवा. 'लाइव्ह' पेनड्राइव्ह हा सीडीची हुबेहूब प्रतिमा असतो. तो कोणत्याही संगणकावर चालावा अशाच बेताने बनविलेला असतो आणि बंद केल्यावर केलेले काम सहसा विसरतो. पूर्ण स्थापित प्रणालीचा पेनड्राइव्ह हा खऱ्या अर्थाने डिस्कच असतो. त्यावर फाइली, वापरकर्ते, संकेतशब्द सारे टिकते. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. पहिल्या प्रकाराचा उपयोग निदानाचे साधन म्हणून होतो, आणि तो प्रत्येक प्रयोगशाळेच्या कपाटात एक तरी असावा.

बूट प्रक्रिया : खो देण्याचा क्रम

संगणकाची कळ दाबल्यापासून प्रवेशाचा पडदा दिसेपर्यंत जे घडते त्याची तुलना खो-खोशी करता येईल. आधीच्याने खो दिल्यावाचून पुढचा उठत नाही, आणि खो कोणाला द्यावयाचा हे आधीच्याला ठाऊक असावे लागते. प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर जागे होते आणि स्मृती, कळफलक, पडदा तपासून बूट करण्याजोगे माध्यम शोधते. ते सापडल्यावर त्यावरील बूटलोडरला खो मिळतो. लिनक्समध्ये हे काम बहुधा 'ग्रब' करतो. ग्रब हा कर्नल आणि त्याच्यासोबतची 'इनिटरामएफएस' नावाची छोटी तात्पुरती फाइल-व्यवस्था स्मृतीत आणून ठेवतो. या तात्पुरत्या व्यवस्थेत डिस्क ओळखण्यापुरते ड्रायव्हर असतात. त्यांच्या साह्याने कर्नल खरे मूळ पार्टिशन शोधतो, ते जोडतो आणि 'सिस्टिमडी' या व्यवस्थापकाकडे सूत्रे देतो. मग सेवा सुरू होतात आणि शेवटी प्रवेशाचा पडदा येतो.

फर्मवेअरच्या दोन पिढ्या आज एकाच प्रयोगशाळेत शेजारी शेजारी नांदतात. जुनी बायोस पद्धत माध्यमाच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांकडे पाहते. त्यांपैकी ४४६ बाइट बूटलोडरच्या आरंभीच्या तुकड्यासाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. ४४६ बाइटांत मावणारा कार्यक्रम फार काही करू शकत नाही, म्हणून तो फक्त आपल्या मोठ्या भावाचा पत्ता सांगतो. नवी यूईएफआय पद्धत हे सारे सोडून देते. ती फॅट स्वरूपातील एक स्वतंत्र 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' शोधते आणि त्यातील बूटलोडरची फाइल थेट चालविते. कोणती फाइल चालवावयाची याची यादी मदरबोर्डवरील कायम स्मृतीत असते. ही यादी माध्यमावर नसून संगणकात असते ही बाब ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या बऱ्याच गोंधळाचा उगम येथे आहे.

निदानाचा पहिला नियम यातूनच मिळतो. शेवटचा खो कोणी दिला, हे पडद्यावरील अखेरच्या संदेशावरून ठरवावे. बूट करण्याजोगे साधन नाही असा संदेश आल्यास फर्मवेअरच्या पुढे काही गेलेले नाही. 'ग्रब' किंवा 'ग्रब रेस्क्यू' ही अक्षरे आणि लुकलुकणारी खूण दिसल्यास बूटलोडर जागा झाला आहे, त्याला पुढचा गडी दिसत नाही इतकेच. 'इनिटरामएफएस' असे लिहिलेली रिकामी ओळ आल्यास कर्नलही चालू झाला आहे आणि मूळ पार्टिशनशी येऊन अडला आहे. या तिन्हींवर एकच उपाय, म्हणजे पुन्हा स्थापना, करणे हे डोकेदुखी, पोटदुखी आणि पायदुखीवर एकच काढा देण्यासारखे आहे.

फर्मवेअरपाशी अडलेला पेनड्राइव्ह

या टप्प्यावरील कारणे बहुधा किरकोळ असतात. तरीही अधिक वेळ तीच खातात, कारण ती संगणकागणिक बदलतात. बूट-क्रमात यूएसबी आधी नसते. क्रम कायमचा न बदलता एका वेळेपुरता निवडण्यासाठी डेल व लेनोवोच्या संगणकांवर सामान्यतः एफ१२ आणि एचपीच्या संगणकांवर एफ९ ही कळ असते. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' चालू असल्यास 'शटडाउन' केलेला संगणक प्रत्यक्षात अर्धवट निद्रिस्त असतो. त्या अवस्थेत विंडोजच्या पार्टिशनवर लिनक्समधून लिहिणेही टाळावयास हवे. अशा वेळी 'शटडाउन' ऐवजी 'रीस्टार्ट' करून कळ दाबावी. पेनड्राइव्ह समोरच्या पोर्टमध्ये किंवा वाढीव हबमध्ये न लावता संगणकाच्या मागील बाजूस, थेट मदरबोर्डवरील पोर्टमध्ये लावून पाहावा. यूएसबी २.० च्या पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर आणि ३.० मधून ९०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळतो, आणि बाह्य डिस्कला तो कधी कधी अपुरा पडतो.

नागपुरात या टप्प्याला एक स्थानिक पैलू आहे. मदरबोर्डवरील घड्याळ आणि जुन्या संगणकांत बूट-क्रमाची नोंद 'सीआर२०३२' या ३ व्होल्टच्या बटनासारख्या सेलवर टिकून असते. संगणकास वीजपुरवठा जोडलेला असताना हा सेल जवळपास खर्चच होत नाही. पण प्रयोगशाळेचे मुख्य बटन रोज सायंकाळी बंद केले जाते. उन्हाळी सुटीत तर ते आठवडेच्या आठवडे बंद असते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. विदर्भाने २००० च्या दशकात भारनियमनाची जी वर्षे काढली त्या काळात घेतलेल्या संगणकांचे सेल तर केव्हाच संपलेले असावेत. सेल संपला की जूनमध्ये उघडलेल्या प्रयोगशाळेतील संगणक कित्येक वर्षे मागची तारीख दाखवितो आणि बूट-क्रम कारखान्यातील मूळ स्थितीला जातो. एप्रिलपर्यंत चालणारा पेनड्राइव्ह जूनमध्ये 'खराब' ठरतो तो असा.

चुकलेल्या तारखेचा उपद्रव एवढ्यावर थांबत नाही. फाइल-व्यवस्थेच्या तपासणीत, गेल्या खेपेस डिस्क जोडल्याची वेळ 'भविष्यातील' आहे असे दिसते आणि बूट तेथे अडू शकते. पुढे प्रणाली सुरू झालीच तर संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे अवैध ठरतात. काही रुपयांच्या सेलपायी माध्यम, प्रणाली आणि इंटरनेट या तिघांवरही संशय घेतला जातो. म्हणून तपासाची सुरुवात तारीख पाहण्याने व्हावी.

'सिक्युअर बूट' हा याच टप्प्यावरील दुसरा पहारेकरी. विंडोज ८ सोबत, २०१२ पासून, तो सर्वत्र पसरला. मान्यताप्राप्त स्वाक्षरी नसलेला बूटलोडर तो चालू देत नाही. उबुंटू, फेडोरा, डेबियन या प्रणाली मायक्रोसॉफ्टने स्वाक्षरित केलेला 'शिम' नावाचा छोटा दुवा वापरून त्यातून पार होतात. परंतु स्वाक्षरी असूनही जुनी, सदोष आवृत्ती नाकारण्याची सोय त्यात आहे आणि नाकारण्याची नोंद संगणकाच्या कायम स्मृतीत राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेने अशी नोंद दोन प्रणाली असलेल्या काही संगणकांवरही केली. परिणामी त्यांवरील लिनक्स 'एसबॅट'ची पडताळणी फसल्याचा संदेश देऊन बंद पडू लागली. ही अडचण मायक्रोसॉफ्टनेही मान्य केली. पेनड्राइव्हच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, तोच जुना पेनड्राइव्ह सुधारणा न झालेल्या संगणकावर चालेल आणि शेजारच्या सुधारित संगणकावर नाकारला जाईल. येथे पेनड्राइव्ह दोषी नसतो आणि संगणकही नसतो. चालणाऱ्या संगणकावर प्रणाली अद्ययावत करून नवा शिम घेतला की दोन्हीकडे काम होते. सिक्युअर बूट बंद करणे हा तात्पुरता मार्ग आहे. मात्र ज्या संगणकावर विंडोजचे 'बिटलॉकर' चालू आहे तेथे तो बदल करताच पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागू शकते. ती किल्ली हाताशी नसताना हा बदल करू नये. महाविद्यालयाच्या संगणकावर तर त्यासाठी संबंधित विभागाची परवानगीच घ्यावी.

तिसरी बाब पद्धतींच्या विसंगतीची. केवळ बायोस पद्धतीने स्थापित झालेला पेनड्राइव्ह नव्या संगणकास दिसतच नाही. जुन्या पद्धतीचा आधार २०२० पर्यंत संपविण्याचा मनोदय इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता आणि त्यानंतरच्या कित्येक संगणकांत तो खरोखरच नाही. उलट केवळ यूईएफआय पद्धतीचा पेनड्राइव्ह २०१० च्या आधीच्या बहुतेक संगणकांस अगम्य असतो. जीपीटी प्रकारची पार्टिशन-सारणी करून तीत १ मेगाबाइटचे 'बायोस बूट' पार्टिशन आणि वेगळे ईएफआय पार्टिशन ठेवले व ग्रब दोन्ही प्रकारे बसविला, तर एकच पेनड्राइव्ह दोन्ही पिढ्यांशी बोलू शकतो. फिरत्या पेनड्राइव्हसाठी ही रचना आरंभीच करावी, नंतर ती करणे कष्टाचे होते.

बूटलोडर परक्या घरी

सर्वांत गैरसमज निर्माण करणारा आणि सर्वांत जास्त नुकसान घडविणारा दोष या टप्प्यावर असतो. त्याचे स्वरूप असे. समजा, एखाद्या विभागातील विंडोज असलेल्या संगणकावर दोन पेनड्राइव्ह लावले, एक लाइव्ह आणि एक रिकामा. लाइव्हवरून बूट करून रिकाम्यावर लिनक्स स्थापित केली. स्थापनेच्या पडद्यावर लक्ष्य म्हणून पेनड्राइव्हच निवडला होता. काम संपले, संगणक पुन्हा सुरू झाला, लिनक्स उत्तम चालली. सायंकाळी पेनड्राइव्ह काढून नेला. दुसऱ्या दिवशी दोन तक्रारी एकाच वेळी येतात. घरच्या संगणकावर पेनड्राइव्ह बूट होत नाही आणि विभागातील संगणकावर विंडोज दिसत नाही, काळ्या पडद्यावर नुसते 'ग्रब' असे अक्षर उमटते. विंडोज पुसली गेली, असा निष्कर्ष काढून कोणी तरी तो संगणक फॉरमॅट करण्यास घेतो.

प्रत्यक्षात काहीच पुसलेले नसते. यूईएफआय पद्धतीत स्थापना-कार्यक्रम ईएफआय पार्टिशन शोधतो. आतील डिस्कवर विंडोजने ते आधीच केलेले असते, आणि पेनड्राइव्हवर स्वतंत्र पार्टिशन केले असो वा नसो, बूटलोडर आतील डिस्कवरच्या पार्टिशनमध्ये जाऊन बसतो. उबुंटूच्या 'उबिक्विटी' या स्थापना-कार्यक्रमात तर वापरकर्त्याने पेनड्राइव्ह निवडूनही असे होण्याचा दोष दीर्घकाळ नोंदलेला होता. सोबतच संगणकाच्या कायम स्मृतीतील यादीत लिनक्सची नोंद विंडोजच्या वर चढते. म्हणजे प्रणाली पेनड्राइव्हवर आणि तिचा द्वारपाल संगणकात, अशी फाटाफूट होते. पेनड्राइव्ह काढल्यावर द्वारपाल उठतो, ज्या पार्टिशनचा क्रमांक त्याला सांगितलेला असतो ते शोधतो आणि न सापडल्याने हात जोडून उभा राहतो. दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्ह जातो तेव्हा त्याच्यासोबत द्वारपालच नसतो.

विभागातील संगणकाचा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. एफ१२ किंवा त्यास समकक्ष कळ दाबून बूट-यादीतील 'विंडोज बूट मॅनेजर' निवडावा. विंडोज जशीच्या तशी सुरू होते. मग फर्मवेअरमध्ये जाऊन तीच नोंद पहिल्या क्रमांकावर आणावी. जुन्या बायोस संगणकावर मात्र पहिल्या ५१२ बाइटांतील विंडोजचा आरंभीचा तुकडा ग्रबने खोडलेला असतो. तो विंडोजच्या दुरुस्ती-माध्यमावरील 'बूटरेक' या आदेशाने पुन्हा लिहिता येतो. फाइलींना त्याचा धक्का लागत नाही.

पेनड्राइव्हसाठी उपाय असा. ज्या संगणकावर तो चालत होता तेथे पुन्हा लिनक्स सुरू करावी, किंवा लाइव्ह पेनड्राइव्हवरून त्या प्रणालीत प्रवेश करावा. पेनड्राइव्हवर फॅट३२ स्वरूपातील ईएफआय पार्टिशन असल्याची खात्री करावी, नसल्यास काही शे मेगाबाइटांची जागा काढून ते करावे. आतील डिस्कचे ईएफआय पार्टिशन सोडवून त्याच जागी पेनड्राइव्हचे पार्टिशन जोडावे आणि 'ग्रब-इन्स्टॉल' हा आदेश 'रिमूव्हेबल' या पर्यायासह द्यावा. हा पर्याय महत्त्वाचा आहे. त्यामुळे बूटलोडर 'ईएफआय' फोल्डरातील 'बूट' या उपफोल्डरात 'बूटएक्स६४' या ठराविक नावाने ठेवला जातो. कायम स्मृतीत कसलीही नोंद नसली तरी फिरत्या माध्यमावर फर्मवेअर याच जागी पाहते. अनोळखी गावात पाहुण्याने पाटलाचा वाडा विचारावा, तसे ते ठरलेले ठिकाण आहे. डेबियनच्या स्थापना-कार्यक्रमात तर असा बूटलोडर या जागीही ठेवावा का, असा प्रश्न स्वतंत्रपणे विचारण्याची सोय आहे. आतील डिस्कवर चालणाऱ्या संगणकासाठी त्याचे उत्तर सहसा 'नाही' असते, पेनड्राइव्हसाठी मात्र ते 'होय' असावे.

एक काम एवढ्यावर राहून जाते आणि तेच पुढे नडते. प्रणालीतील 'एफस्टॅब' नावाच्या फाइलीत कोणते पार्टिशन कोठे जोडावे याची सूची असते. तीत अजून जुन्या संगणकाच्या ईएफआय पार्टिशनचा क्रमांक लिहिलेला असतो. दुसऱ्या संगणकावर बूट होताना सिस्टिमडी त्या पार्टिशनची तब्बल दीड मिनिट वाट पाहते आणि ते न आल्याने 'इमर्जन्सी मोड' मध्ये जाते. येथवर पोहोचलेला मनुष्य बहुधा हताश होतो, कारण आता दोष बूटलोडरचा नसून तोच जुना पत्ता तिसऱ्या ठिकाणी निघालेला असतो. तेथे पेनड्राइव्हच्या पार्टिशनचा क्रमांक लिहावा. ज्या पार्टिशनांवाचून प्रणालीचे अडत नाही त्यांच्यापुढे 'नोफेल' हा पर्याय जोडावा, म्हणजे ती नसतानाही बूट पुढे सरकते.

हा सर्व व्याप टाळण्याचा साधा मार्ग म्हणजे स्थापनेच्या वेळी संगणकाच्या आतील डिस्कची तार काढून ठेवणे किंवा फर्मवेअरमधून ती डिस्क तेवढ्यापुरती बंद करणे. दुसरे ईएफआय पार्टिशन समोरच नसेल तर बूटलोडर परक्या घरी जाणार कोठे? लॅपटॉपमध्ये तार काढणे अवघड असते आणि सर्वच फर्मवेअरांत डिस्क बंद करण्याची सोय नसते. त्यामुळे अशी स्थापना शक्यतो मेजावरील संगणकावर करावी.

'ग्रब रेस्क्यू' हा संदेश आल्यास अवस्था थोडी वेगळी असते. ग्रबचा गाभा चालू झालेला असतो, पण त्याचे उर्वरित भाग ज्या फोल्डरात आहेत ते त्याला सापडत नाही. पार्टिशनांची फेररचना केल्यावर असे विशेषकरून घडते. तेथे 'एलएस' हा आदेश दिल्यावर दिसणाऱ्या डिस्क व पार्टिशनांची यादी मिळते. योग्य पार्टिशन ओळखून 'सेट' आदेशाने 'प्रीफिक्स' ही जागा सांगावी, 'इन्समॉड' आदेशाने 'नॉर्मल' हा भाग मागवावा आणि तो चालवावा. यादीत पेनड्राइव्हच नसेल तर मात्र दोष पत्त्याचा नसून जोडणीचा असतो.

मूळ पार्टिशनचा शोध

कर्नल चालू झाल्यानंतरची अडवणूक मुख्यत्वे ओळखीची असते. लिनक्स डिस्कांना सापडल्या त्या क्रमाने 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावे देते. एका संगणकावर आतील डिस्क 'एसडीए' व पेनड्राइव्ह 'एसडीबी' असेल, तर आतील डिस्क नसलेल्या संगणकावर तोच पेनड्राइव्ह 'एसडीए' होतो. म्हणून नावावर विसंबून न राहता प्रत्येक फाइल-व्यवस्थेस निर्मितीच्या वेळी मिळणारा 'यूयूआयडी' हा १२८ बिटांचा क्रमांक वापरावा. आजच्या प्रणाली तसे आपोआप करतात. पण एखाद्या जुन्या पुस्तिकेवरून हाताने लिहिलेल्या ग्रबच्या मांडणीत किंवा एफस्टॅबमध्ये 'एसडीबी१' असे सापडल्यास दोषाचे कारण सापडलेच म्हणून समजावे.

यूयूआयडीलाही एक मर्यादा आहे. वर्गातील चाळीस विद्यार्थ्यांसाठी एका पेनड्राइव्हच्या हुबेहूब चाळीस प्रती काढल्या, तर सर्वांचा क्रमांक एकच होतो. त्यांपैकी दोन एकाच संगणकास लावले की कर्नल एकीवरचा आणि मूळ पार्टिशन दुसरीवरचे, अशी सरमिसळ होऊ शकते. विद्यार्थ्याचे काम भलत्याच पेनड्राइव्हवर जाऊन पडते आणि ते हरवले असे वाटते. प्रती काढल्यानंतर प्रत्येकीचा क्रमांक बदलून ग्रब, इनिटरामएफएस आणि एफस्टॅब त्यानुसार अद्ययावत करावे, निदान दोन प्रती एकत्र न लावण्याची सूचना तरी द्यावी.

क्रमांक बरोबर असूनही तो 'अस्तित्वात नाही' असा संदेश येऊन इनिटरामएफएसची रिकामी ओळ दिसत असेल, तर दोन शक्यता उरतात. पहिली उशिराची. यूएसबी साधने आतील डिस्कपेक्षा सावकाश जागी होतात, विशेषतः फिरत्या तबकडीची बाह्य डिस्क. रिकाम्या ओळीवर 'बीएलकेआयडी' हा आदेश दिल्यावर पार्टिशन यादीत दिसू लागले असेल तर निदान झाले. 'एक्झिट' म्हटल्यावर बूट पुढे जाते आणि कर्नलला 'रूटडिले' हा पर्याय काही सेकंदांच्या मूल्यासह दिल्यास दोष कायमचा जातो. दुसरी शक्यता ड्रायव्हरची. इनिटरामएफएस लहान ठेवण्यासाठी त्यात फक्त त्या संगणकापुरते ड्रायव्हर भरण्याची सोय असते. डेबियनकुळात ती निवडावी लागते, तर फेडोराच्या 'ड्रॅकट'मध्ये त्या संगणकापुरता विचार करणे हीच रूढ पद्धत आहे. अशी प्रणाली वेगळ्या चिपसंचाच्या संगणकावर नेली की यूएसबीचा नियंत्रकच ओळखला जात नाही. डेबियनमध्ये 'मॉड्यूल्स' या नोंदीचे मूल्य 'मोस्ट' ठेवून आणि फेडोरात 'होस्टओन्ली' बंद करून इनिटरामएफएस नव्याने बनवावी. हे काम ज्या संगणकावर पेनड्राइव्ह चालतो तेथेच करता येते. तेवढ्यासाठी पूर्ण स्थापना पुन्हा करण्याचे कारण नाही.

जुन्या ३२ बिट प्रोसेसरवर ६४ बिट प्रणाली चालत नाही आणि कर्नल तसे पहिल्याच ओळीत स्पष्ट सांगतो. उबुंटूने मेजावरील संगणकांसाठीच्या ३२ बिट प्रतिमा २०१७ मध्ये आणि डेबियनने ३२ बिट संगणकांवरील नवी स्थापना २०२५ मध्ये बंद केली. पेंटियम ४ च्या आरंभीच्या काळातील संगणकांबाबत त्यामुळे फार आग्रह धरण्यात अर्थ नाही.

माध्यम खरोखरच बिघडते तेव्हा

इथवरच्या सर्व प्रकारांत माहिती सुरक्षित असते. पण पेनड्राइव्हमधील फ्लॅश स्मृती मर्यादित वेळाच पुसून लिहिता येते, आणि स्वस्त पेनड्राइव्ह प्रणालीच्या सततच्या बारीक लेखनासाठी बनविलेलेच नसतात. स्वॅपची जागा पेनड्राइव्हवर न ठेवणे आणि एफस्टॅबमध्ये 'नोएटाइम' लिहिणे यांनी लेखन पुष्कळ घटते. रोजच्या वापरासाठी यूएसबी ३.० च्या खोक्यातील लहान एसएसडी अधिक टिकाऊ ठरते. सीताबर्डीच्या असो वा अन्य कोणत्या बाजारात, छापील क्षमतेहून प्रत्यक्ष क्षमता कमी असलेले बनावट पेनड्राइव्ह मिळू शकतात. ते स्थापनेच्या वेळी काही बोलत नाहीत आणि खरी क्षमता ओलांडल्यावर आधीची माहिती गिळू लागतात. विकत घेतल्यावर, प्रणाली टाकण्यापूर्वी, 'एफ३' या विनामूल्य साधनाने पूर्ण क्षमता लिहून व वाचून तपासून घ्यावी. त्यासाठी तास-दोन तास लागतात, म्हणून ही पायरी सहसा गाळली जाते.

वीज अचानक जाणे किंवा प्रणाली चालू असताना पेनड्राइव्ह उपसणे यांमुळे फाइल-व्यवस्था विसंगत होते. 'एक्स्ट४' मधील जर्नल ही विसंगती बहुतेक वेळा आपोआप दूर करते. न झाल्यास बूट थांबून हाताने तपासणी करण्याची सूचना येते. त्या क्षणी घाई घातक ठरते. 'एफएसचेक' हा आदेश फाइल-व्यवस्था सुसंगत करतो, पण त्यासाठी तो तुटक्या फाइली बाजूला काढतो किंवा वगळतो. पेनड्राइव्हवर प्रश्नपत्रिकांचे मसुदे, अंतर्गत गुणांच्या नोंदी किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाची एकमेव प्रत असेल, तर आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि बिघडलेले पार्टिशन केवळ वाचनासाठी जोडून घरफोल्डरातील फाइली दुसऱ्या माध्यमावर उतरवाव्यात. वाचनातच चुका येत असतील तर 'डीडीरेस्क्यू' या साधनाने संपूर्ण माध्यमाची प्रतिमा घ्यावी. ते आधी सुस्थितीतील भाग उचलते आणि खराब भागांकडे नंतर वळते, त्यामुळे मरणपंथास लागलेल्या माध्यमातूनही बरेच काही हाती येते. दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतिमेच्या प्रतीवर करावेत.

काही पेनड्राइव्ह आयुष्याच्या अखेरीस स्वतःला केवळ-वाचन स्थितीत कुलूपबंद करतात. असा पेनड्राइव्ह बूट होताना मध्येच थांबतो, फॉरमॅटही होत नाही आणि त्यामुळे विषाणूचा संशय येतो. त्यावरील फाइली मात्र पुष्कळदा शेवटपर्यंत वाचता येतात. त्या उतरवून घ्याव्यात आणि तो पेनड्राइव्ह वापरातून काढावा.